देवी आज करड्या रंगात का?

गेल्या नवरात्रात शनिवारची आरती झाली आणि एका आठ वर्षांच्या मुलीने आम्हाला विचारले, "आज देवीला ग्रे साडी का?" आम्ही तेव्हा प्रसादाचे द्रोण भरत होतो. हात न थांबवता सांगितले, "आज शनिवार आहे ना, म्हणून." मुलगी "ओके" म्हणाली आणि खेळायला पळाली. आमचे उत्तर अगदी बरोबर होते. पण घरी जाताना गाडीत लक्षात आले की मुलीने चांगला प्रश्न विचारला होता आणि आमच्याजवळ त्याला वाराच्या नावापलीकडे काही नव्हते.

हे आठवण्याचे कारण असे. कार्यकारिणीच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली आहे. मंडळाच्या मूर्तीसाठी नऊ रंगांचे नऊ शिवलेले पोशाख भारतातून मागवायचे, पाठीमागे वेल्क्रो, म्हणजे दोन मिनिटांत देवी तयार. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, खर्चही फार नाही, आणि दरवर्षी देवीला साडी नेसवण्यात ज्यांचे दोन-दोन तास जातात त्यांची (म्हणजे आमचीच) सोय होणार आहे. तरीही आमचा या सूचनेला विरोध आहे. बैठकीत हॉलची वेळ संपत आली होती, राखणदार दिवे बंद करायला उभा होता, म्हणून बोलणे अर्धेच राहिले. सर्वसाधारण सभेपुढे हा विषय येण्याआधी ते इथे पुरे करतो.

प्रथम रंगांविषयी. नवरात्राचे नऊ रंग कोणत्याही पुराणातले नाहीत. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या एका मराठी दैनिकाने वाचकांसाठी ही टूम काढली, बायकांनी ती उचलून धरली, आणि लोकलच्या डब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळे एका रंगात दिसू लागले. रंग ठरतात ते बहुतेक वारावरून. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, आणि उरलेल्या दिवसांना गुलाबी-जांभळा. यात वाईट काहीच नाही. इथे ऑफिसात एकटी हिरवी साडी नेसून गेलेली आमची एक भगिनी सांगत होती की त्या दिवशी आपण मुंबईच्या गर्दीत आहोत असे तिला दिवसभर वाटत होते. तेव्हा आपण सर्वांनी रंग जरूर पाळावेत. आमचे म्हणणे एवढेच की तो आपल्या साड्यांचा खेळ आहे. तो देवीवर चढवला की देवीसुद्धा आपल्यासारखीच वार पाहून कपडे घालणारी एक बाई होते.

दोन वर्षांपूर्वी काय झाले होते ते ज्यांना आठवते त्यांना हे लवकर पटेल. त्या वर्षी आम्ही तिघा-चौघांनी हौसेने एका संध्याकाळी देवीला मुरली अलंकारात सजवले होते. एका सभासदाने स्वतःची वाजवायची बासरी दिली. मूर्तीच्या दोन हातांतली शस्त्रे काढून ती बासरी ओठांशी येईल अशी बसवली. मुले आली आणि समोर थबकली. "ही बासरी तर कृष्णाची!" "देवीला वाजवता येते का?" "मग तिचा त्रिशूळ कुठे गेला?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो, कारण आम्हालाही फोटोत पाहिले होते त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. तेवढ्यात मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी पुढे झाल्या. त्या बार्शीकडच्या, तुळजापूरच्या वाऱ्या केलेल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "लढाई संपली बाळांनो. म्हैसासुर मेला. देवांना त्यांचं राज्य मिळालं. मग कृष्णानं विचार केला, हिला आता काय द्यावं? तलवारी-बिलवारी लई झाल्या. म्हणून त्यानं आपली मुरली दिली. म्हणाला, बाई, आता जरा बस आणि वाजव." पंधरा-वीस मुले तिथेच जमिनीवर बसली. आरती वीस मिनिटे उशिरा झाली आणि कोणी तक्रार केली नाही.

ही गोष्ट आजींनी रचलेली नव्हे. तुळजापूरला शारदीय नवरात्रात भवानीच्या अलंकार महापूजा बांधतात, त्यांपैकी ही एक. त्या पाच पूजा अशा: रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार आणि महिषासुरमर्दिनी. प्रत्येकीमागे एक कथा आहे आणि पूजा बांधायची ती त्या कथेची आठवण म्हणून. सूर्यनारायणाने देवीला तिन्ही लोक फिरण्यासाठी आपला रथ दिला, म्हणून एके दिवशी देवी रथात. भवानीने शिवाजी महाराजांना तलवार दिली, म्हणून एके दिवशी ती तलवार देणारी देवी. (तलवारीविषयी इतिहासकारांचे म्हणणे वेगळे आहे. तो वाद इथे नको, पण मुलांनी विचारले तर कथा ती कथा आणि इतिहास तो इतिहास असे सरळ सांगावे.)

शेषशाहीची कथा आम्हाला विशेष वाटते. विष्णू शेषावर झोपलेले आहेत आणि देवी त्यांच्या डोळ्यांत विसावलेली आहे. विष्णूंच्या कानातल्या मळापासून दोन दैत्य निघतात आणि ब्रह्मदेवावर धावून जातात. ब्रह्मदेव घाबरून स्तुती करतात ती झोपलेल्या विष्णूंची नव्हे, तर त्यांना झोपवणाऱ्या देवीची. मार्कंडेय पुराणातले देवीमाहात्म्य उघडले, तेरा अध्याय आणि सातशे मंत्रांचे, तर पहिल्याच अध्यायात ही कथा सापडते. मात्र तिथे दैत्यांची नावे मधु आणि कैटभ आहेत आणि देवी डोळ्यांतून बाहेर पडल्यावर जागे झालेले विष्णू त्यांना मारतात. तुळजापुरात सांगतात तेव्हा दैत्य होतात शुंभ-निशुंभ आणि मारणारी देवी स्वतः. पोथीप्रमाणे पाहिले तर ही गफलत म्हणावी लागेल. पण भवानीच्या गावात भवानीची पूजा बांधताना मारण्याचे काम विष्णूंकडे कोण ठेवील?

मुरलीचेही तसेच. देवीमाहात्म्यात महिषासुराशी लढण्यापूर्वी सगळे देव देवीला काही ना काही देतात. शंकर त्रिशूळ देतात, विष्णू चक्र, वरुण शंख, अग्नी शक्ती, वायू धनुष्यबाण, इंद्र वज्र आणि घंटा, हिमालय सिंह. मुरली त्या यादीत नाही. ती तुळजापूरच्या लोकांनी जोडली, आणि लढाई झाल्यानंतरची भेट म्हणून जोडली. आजींचे "आता जरा बस" हे शब्द म्हणून आमच्या मनातून जात नाहीत.

पाचवी पूजा महिषासुरमर्दिनीची. तुळजापूरची मूळ मूर्ती गंडकी शिळेची, सुमारे तीन फुटांची, अष्टभुजा, आणि ती स्वतःच महिषासुरमर्दिनी आहे. पायाशी महिषासुर कोरलेला आहे. पण आपण दर्शनाला जातो तेव्हा काय दिसते? साडी, हार, मळवट आणि मुखकमल. दगडात जे कोरले आहे ते वर्षभर वस्त्राखाली झाकलेले असते. या पूजेच्या दिवशी आतली गोष्ट बाहेरच्या सजावटीत येऊन उभी राहते. सजावट म्हटली की काहीतरी झाकणे, असे आपण धरून चालतो. इथे ती उघडून दाखवण्याचे काम करते.

कोल्हापूरला अंबाबाईच्या पूजाही नवरात्रात रोज वेगळ्या रूपात बांधतात. अष्टमीला तिथेही महिषासुरमर्दिनी असते. पण आमची आवडती पूजा पंचमीची. त्या दिवशी अंबाबाई हत्तीवर अंबारीत बसलेली दिसते, कारण त्या दिवशी ती त्र्यंबोलीला भेटायला निघालेली असते. कथा अशी की कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याने योगदंडाच्या जोरावर देवीला आणि सगळ्या देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकले. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड मिळवला, कामाक्षाला मारले आणि सर्वांना सोडवले. मग विजयाचा मोठा सोहळा झाला आणि त्यात त्र्यंबोलीला बोलवायचेच राहून गेले! ती रुसून गावाच्या पूर्वेच्या टेकडीवर जाऊन बसली, कोल्हापूरकडे पाठ करून. चूक लक्षात आल्यावर अंबाबाईने निरोप्या धाडला नाही. लवाजम्यासह स्वतः गेली. आजही ललितापंचमीला पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याच्या तुकड्यासाठी लोकांची झुंबड उडते.

ज्या मंडळात दर दिवाळीनंतर कोणाचे ना कोणाचे आभार मानायचे राहिलेले असतात, त्या मंडळाने ही कथा वर्षातून एकदा ऐकायला काय हरकत आहे? स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या दोन कुटुंबांनी गेल्या तीन वर्षांत येणे बंद केले आहे. ती कोणत्या टेकडीवर बसली आहेत हे आपणा सर्वांना माहीत आहे.

प्रत्येक पोशाखात कथाच असते असे आम्ही म्हणत नाही. पंढरपूरला कार्तिकीनंतर विठोबाला थंडी वाजू नये म्हणून शाल पांघरतात आणि कानपट्टी बांधतात, आणि चैत्र पाडव्यापासून मृग लागेपर्यंत उन्हाळ्यासाठी चंदनाची उटी लावतात. त्यात पुराण नाही, फक्त घरच्या माणसाची काळजी आहे. तेही पोराला एका वाक्यात सांगता येते आणि त्याला ते लगेच कळते. करड्या साडीविषयी असे एक वाक्य आम्हाला कोणी द्यावे, आमचा विरोध मागे घेऊ.

देवीने काय नेसले आहे याला लोक अर्थ देतात, हे २०१७ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या वर्षी जून महिन्यात अंबाबाईला काठापदराच्या साडीऐवजी घागरा-चोळी नेसवली गेली आणि कोल्हापुरात आंदोलन उभे राहिले. मागणी वाढत वाढत थेट पुजारी बदलण्यापर्यंत गेली, आणि २०१८ साली विधिमंडळाने त्या देवळात पगारी पुजारी नेमण्याचा कायदा केला. त्या वादात इतर पुष्कळ गोष्टी होत्या आणि आम्ही इतक्या लांबून कोणाची बाजू घेणार नाही. पण एका वस्त्रावरून एवढे घडू शकते, याचा अर्थ ते वस्त्र कोणीही निव्वळ कापड म्हणून पाहत नव्हते.

आता आक्षेपांकडे वळतो. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की हा सगळा बाहुली नटवण्याचा हट्ट आहे, आणि तुमच्यासारख्या डॉक्टरेट घेतलेल्या माणसांनी तरी तो धरू नये. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की रसायनशाळेत आम्ही देवीला नेत नाही आणि नवरात्रात प्रयोगवही आणत नाही. कोणी किती श्रद्धा ठेवावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आमच्या मुलांना हर्क्युलिसची बारा कामे पाठ आहेत आणि आपल्या कुलदैवताने काय केले हे विचारले तर ती "समथिंग विथ अ बफेलो" म्हणतात. हा श्रद्धेचा प्रश्न नाही. नुसती गोष्टसुद्धा पोचलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आपली मूर्ती जयपूरची, संगमरवरी, रंगवलेली. ती ना तुळजापूरची ना कोल्हापूरची. तिथली पूजा इथे बांधण्याचा आपल्याला अधिकार काय? शिवाय तिथे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या करणारी माणसे आहेत, आणि इथे आम्ही यूट्यूब पाहून पिना लावणारे. हे खरे आहे, आणि त्याची शिक्षा आम्ही भोगलेली आहे. दोन वर्षांपूर्वीची ती बासरी हातातून सारखी घसरत होती म्हणून आमच्यापैकी एकाने (नाव सांगत नाही, पण पीएच.डी. रसायनशास्त्रात आहे) तिला सुपर ग्लूचे दोन थेंब लावले. दुसऱ्या दिवशी बासरी निघेना. सुपर ग्लू ॲसिटोनमध्ये विरघळतो हे आम्हाला चांगले ठाऊक होते. मूर्तीवरचा रंगही ॲसिटोनमध्ये विरघळतो हे ठाऊक असायला हवे होते. देवीच्या उजव्या हाताची दोन बोटे पांढरी झाली ती आजही तशीच आहेत, आणि दरवर्षी आम्ही त्यांवर हळूच एक फूल ठेवतो. तेव्हा ज्यांनी आम्हाला "तुम्हाला हे झेपत नाही" म्हटले त्यांचे म्हणणे आम्ही मान खाली घालून ऐकून घेतले आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही शेजारच्या देवळातल्या तेलुगू पुजारीबुवांकडे चार शनिवार जाऊन बसलो. त्यांनी दाखवले की मूर्तीला काहीही चिकटवायचे नसते. मागे लाकडाची चौकट उभी करायची, सुती दोऱ्याने सगळा भार त्या चौकटीवर घ्यायचा, आणि साडीच्या निऱ्या आधी टेबलावर घालून मग नेसवायच्या. त्यांच्याकडून हेही समजले की तिरुपतीच्या ब्रह्मोत्सवात पाचव्या दिवशी सकाळी व्यंकटेशाची उत्सवमूर्ती मोहिनीच्या वेषात निघते, समुद्रमंथनातल्या अमृतवाटपाची आठवण म्हणून. म्हणजे पुरुष देवाला स्त्रीवेष, आणि लाखो लोक तो पाहायला येतात. देवाला वेष देऊन कथा सांगण्याची ही रीत केवळ आपल्याकडची नाही, हे ऐकून आम्हाला बरे वाटले. जाता जाता एक धंद्याची सूचना: संगमरवराला दही आणि लिंबू लावू नये, आम्लाने दगड खातो. पंचामृताचा अभिषेक छोट्या पितळी मूर्तीला घालावा.

अधिकाराविषयी आमचे मत असे की आपण तुळजापूरची महापूजा इथे बांधतो असे म्हणूच नये. तिथल्या पूजेची आठवण करतो, एवढेच म्हणावे. ती पूजाही एका कथेची आठवणच आहे.

वेळेचा प्रश्न मात्र आम्ही मान्य करतो. इथे नऊही दिवस कोणाला येता येत नाही, आणि पाच पूजा आपल्या आवाक्यातल्या नाहीत. म्हणून आमची सुचवणी अशी की यंदा दोन शनिवार-रविवारांत मिळून तीनच संध्याकाळी सजावट करावी: एक अंबारीतली, एक मुरलीची, एक महिषासुरमर्दिनी. इतर दिवशी साधी काठापदराची साडी, सभासदांच्या घरून आलेली. ती नंतर प्रसाद म्हणून त्याच घरी परत जाते, जशी देवळांतून मिळते. शिवलेल्या पोशाखाचे असे काही करता येत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे: त्या तीन संध्याकाळी आरतीच्या आधी पाच मिनिटे गोष्ट. जेवणानंतर नको, तेव्हा मुले पार्किंगमध्ये असतात. एका आजी-आजोबांनी किंवा आईवडिलांनी मराठीत सांगावी, आणि मग एखाद्या मुलाने किंवा मुलीने तीच इंग्रजीत सांगावी. गोष्ट सांगायला कोणी मिळाले नाही तर त्या दिवशी सजावट रद्द करावी, हेही आम्ही सुचवतो. मुकाट्याने बांधलेल्या पूजेपेक्षा साधी साडी बरी. आम्ही स्वतः पहिल्या वर्षी मुकाट्याने बांधायला निघालो होतो. त्या आजी नसत्या तर तेव्हाही "आज मुरलीचा दिवस आहे ना, म्हणून" असेच उत्तर देऊन मोकळे झालो असतो.

त्या आजी यंदा येणार नाहीत, व्हिसाचे जमले नाही. मुरलीची गोष्ट त्यांनी मुलाच्या फोनवर सांगून ठेवली आहे, पण ती यंदा इथल्याच कोणीतरी उभे राहून सांगावी अशी त्यांची इच्छा आहे. ज्यांना सांगायची आहे त्यांनी सभेत हात वर करावा. ज्यांच्याकडे नवा फ्रिज येणार आहे त्यांनी त्याचे खोके टाकून देऊ नये. हत्तीसाठी दोन लागतील.